आत्याचा अर्धा दात

एकदा एका शिष्याचे चित्र काही केल्या संपेना.

हात चालत नव्हता असे मुळीच नाही. गावाबाहेर राहणाऱ्या एका वृद्ध चित्रकाराकडे तो लहानपणापासून शिकत होता, आणि रंग घोटण्यापासून देवळाच्या भिंतीवर हत्तींची रांग उतरवण्यापर्यंत सगळे त्याला येत होते. या गुरूंची एक रीत होती. शिक्षण पुरे होत आले की शिष्याने कुणाच्या सांगण्यावरून नव्हे, तर केवळ स्वतःच्या मनाचे असे एक चित्र काढायचे. ते चालू असताना गुरू तिकडे ढुंकूनही पाहत नसत. चित्र पसंत पडले तर ते आपले स्वतःचे कुंचले शिष्याच्या हाती देऊन त्याला निरोप देत. पसंत न पडले तर पुन्हा रंग घोटायला बसवत.

शिष्याने चित्रासाठी निवडले आपल्या आत्याला. अशा कथांतल्या माणसांना सहसा नावे नसतात; पण या आत्याला नाव द्यावेच लागेल, कारण साऱ्या बाजारात दिवसभर त्याचाच पुकारा चाले. येसूआत्या. आईबापाविना राहिलेल्या या पोराला तिने बांगड्या भरून वाढवले होते. पोरीबाळींचे हात हातात घेऊन ती अशा काही गप्पा मारायची, की बांगडी मनगटावर केव्हा चढली ते त्यांना कळायचेही नाही. हसली की तिचा डावा डोळा पार मिटून जायचा आणि पुढचा अर्धा तुटका दात लगेच दर्शन द्यायचा. तिला देण्यासारखे शिष्याजवळ चित्राखेरीज काहीच नव्हते. म्हणून ते चित्र उत्तम व्हायलाच हवे, असे त्याने मनाशी धरले होते.

पहिले चित्र त्याने एका दुपारी तिच्या दुकानात बसूनच भरभर उतरवले होते. घरी येऊन पाहतो तो मिटलेला डोळा, अर्धा दात, वाकडे हसू! इतकी वर्षे शिकून हेच का जमले, असे वाटून त्याला लाज वाटली. ते कापड गुरूंकडच्या कुंचले पुसायच्या फडक्यांत गेले आणि त्याने नवा पट ताणला. दात सरळ केला. डोळे शास्त्रात सांगितल्याप्रमाणे कमळाच्या पाकळीसारखे रेखले. गालावरचे वांग गेले, कपाळावरच्या आठ्या गेल्या. तरीही रोज सकाळी एखादी नवी खोट सापडायचीच. मग पुसणे आले, पुन्हा रेखणे आले. आत्या भाकरी घेऊन यायची, तेव्हा तो दार लावून घ्यायचा. ती बापडी बाहेरूनच विचारायची, "चित्रात तरी मी जेवलेली दिसेन ना? का तुझ्यासारखीच उपाशी?"

शेवटी एक सकाळ अशी उजाडली, की कितीही शोधले तरी खोट म्हणून सापडेना. पट गुंडाळून तो धावतच गुरूंकडे गेला.

गुरूंनी पट उलगडला आणि पुष्कळ वेळ पाहिला. "रेषेत दोष नाही," ते म्हणाले.

शिष्याचा जीव भांड्यात पडला. कुंचल्यांसाठी त्याने हातही पुढे केला. पण कुंचले काही येईनात.

"उद्या बाजार आहे," गुरू म्हणाले. "हा पट वेशीजवळच्या पिंपळाला बांधू. आपण दोघांनी पाराच्या मागे बसायचं. कुणी काहीही म्हटलं तरी तोंड उघडायचं नाही."

"पण गुरुजी, पसंत आहे की नाही?"

"ते बाजारच सांगेल."

हा काय प्रकार आहे, ते शिष्याला कळेना. तरी दुसऱ्या दिवशी पट पिंपळाला बांधला गेला आणि गुरुशिष्य पारामागे दडून बसले. बाजार भरू लागला. सर्वांत आधी चुरमुरेवाला आला. चित्रापुढे थबकला, वहाणा काढल्या आणि हात जोडले. त्याच्यामागून आलेल्या बाईने पटाला कुंकू लावले. माळणीने झेंडूची माळ चढवली. मग दोन तेली भांडू लागले. एक म्हणे, ही डोंगरावरची देवी. दुसरा म्हणे, छे, ही नदीकाठची, डोंगरावरचीला इतके शांत डोळे कुठले? वाद मिटेना म्हणून कुणीतरी नारळ फोडून टाकला.

प्रथम शिष्याच्या अंगावर मूठभर मांस चढले. आपल्या हातून देवता उतरली, यापरते काय हवे? पण हळूहळू तो येणाऱ्यांचे चेहरे निरखू लागला. चुरमुरेवाल्याच्या तिन्ही मुली आत्याकडेच बांगड्या भरत. माळीण तर तिच्या शेजारीच बसे. यांच्यापैकी एकालाही आत्या दिसू नये?

तेवढ्यात डोक्यावर बांगड्यांची टोपली घेऊन येसूआत्या स्वतःच आली. आत्याने टोपली उतरवली, चित्राकडे पाहिले आणि पदर डोक्यावरून घेतला. टोपलीतून निवडून दोन हिरव्या बांगड्या काढल्या आणि चित्रापुढे ठेवल्या.

"आई," ती म्हणाली, "माझा भाचा माझं चित्र काढतोय. मला दाखवत नाही. त्याच्या मनासारखं होऊ दे. आणि नाहीच झालं तर राहू दे, पण पोराच्या पोटात दोन घास वेळेवर जाऊ देत."

शिष्याने मान खाली घातली. ज्या बाईसाठी त्याने रात्रीचा दिवस केला होता, ती स्वतःच्याच चित्रापुढे परक्यासारखी हात जोडून उभी होती.

गुरूंनी झोळीतून एक डागाळलेले कापड काढले. शिष्याने ते ओळखले. चित्राकडे ढुंकूनही न पाहणाऱ्या गुरूंनी फडक्यांतून ते केव्हाच उचलून ठेवले होते. उठून त्यांनी ते पटाशेजारी टांगले आणि पुन्हा येऊन बसले.

"अगंबाई, आत्या!" माळीण ओरडली.

मग काय विचारता! चुरमुरेवाल्याची धाकटी हात पाठीमागे लपवून म्हणाली, "आत्या, आज नको, मनगट दुखतंय." एक म्हातारी तर चित्राशीच भांडू लागली, की मागच्या बांगड्या सैल दिल्यास. जो तो हसत होता. आत्या पुढे झाली. तिने आधी हात तोंडावर नेला, मग खाली घेतला, आणि हसली. तिचा डावा डोळा मिटला.

"मेल्या," ती पाराकडे वळून म्हणाली, कारण भाचा कुठे दडला असेल हे तिला न सांगताही कळत होते. "दातसुद्धा काढलास? काढणारच की. तूच तोडलास तो. इतकासा होतास, माझ्या मांडीवर नाचता नाचता टाळकं आपटलंस."

शिष्याला हे ठाऊक नव्हते. तो गुरूंकडे पाहतच राहिला.

गुरू हळूच म्हणाले, "दोष काढून टाकलेस, हे तुझं कसब. त्याला मी नाव ठेवत नाही. देवीचं चित्र काढशील तेव्हा असंच काढ. पण माणसावर त्याच्या आयुष्याच्या खुणा उमटतात, आणि आपलं माणूस आपण त्या खुणांनीच ओळखतो. तिचा दात सरळ केलास तेव्हा तिच्या चेहऱ्यावरून तू स्वतःलाच पुसून टाकलंस."

मग त्यांनी आपले कुंचले काढले आणि शिष्याच्या हाती दिले.

मोठा पट लोकांनी सोडू दिला नाही. तो पिंपळावरच राहिला. आत्याने मात्र बांगड्यांकडे पाहून विचारले, "माझ्याच पुढे ठेवलेल्या बांगड्या मी परत घेतल्या तर चालेल का हो?" गुरू इतके हसले की त्यांना ठसका लागला.

डागाळलेले कापड घडी करताना शिष्याची नजर त्यातल्या उजव्या कानावर गेली. कान जरासा वर गेला होता. सवयीने त्याने गुरूंनी दिलेला कुंचला उचलला. मग कुंचला खाली ठेवून म्हणाला, "आत्या, घरी चल. भूक लागली आहे."

आपणही घरातल्या कुणाकडे तरी पाहताना मनातल्या मनात त्याचा एखादा दात सरळ करत असतो. तो हात जरा आवरला, तर समोरचे माणूस ओळखू येते.