युनियनची खुर्ची

"उद्या बैठकीत कसं बोलू, चाचा? टपाल वाटायची बीट तोडू देणार नाही, हे सुरुवातीलाच ठणकावू की शेवटी?"

हुसेनचाचा अंगणात शेंगा सोलत बसले होते. पोस्टमन म्हणून छत्तीस वर्षं चालले, त्यातली वीस वर्षं युनियनचे सचिव. विचारणारा दिगंबर खेराडे हा नवा सचिव. पोरगा गुणाचा, पण निवडून आल्यापासून त्याचे पाय जमिनीला लागत नव्हते.

"कुणाची बीट?"

"शेवंता पवारची. साहेब म्हणतात, तिची डोंगराकडची वाट गावातल्या बीटला जोडा, एक माणूस कमी लागेल. मग धनगरवाडीला टपाल आठवड्यातून एकदाच. औषधांची पार्सलंसुद्धा. आणि शेवंताची बदली."

"आणि तुला बोलावलंय?"

"ठरवायच्या आधी युनियनला विचारतायत, चाचा. पहिल्यांदाच. एक खुर्ची ठेवलीय."

चाचांना मनापासून बरं वाटलं. त्यांच्या काळात निर्णय थेट नोटीस बोर्डावर लागायचा आणि घोषणा दाराबाहेर द्याव्या लागायच्या.

"शेवंताला विचारलंस?"

"तिला काय विचारायचं? चार पानांचं भाषण तयार आहे. सगळं पाठ आहे मला."

"मग सांग. धनगरवाडीला जाताना ती ओढा कुठून ओलांडते?"

"पुलावरून."

चाचांचा हात थांबला.

"पूल दोन पावसाळ्यांमागंच खचला, बेटा. ती गिरणीमागून वळसा घालून जाते. पाऊण तास जास्त."

दिगंबरनं खिशातली भाषणाची पानं बाहेर काढली.

"साहेबांच्या नकाशात पूल आहे. तुझ्या भाषणातही आहे. मग उद्या त्या टेबलाशी माणसं दोन, की साहेब एकटेच?"

बिचाऱ्याचा चेहरा खर्रकन उतरला.

"आत्ता जातो तिच्याकडं. सगळं लिहून आणतो."

"आण की. साहेब नेमकं न लिहिलेलंच विचारतील."

दिगंबर उठला, फाटकापर्यंत जाऊन परत आला.

"खुर्ची एकच आहे, चाचा."

"हं."

"निवडून तर मला दिलंय."

"म्हणून तर ती खुर्ची कुणाला द्यायची हे तुझ्या हातात आहे." चाचांनी सोललेले दाणे त्याच्या ओंजळीत ओतले. "खा."

दिगंबरनं दोन दाणे तोंडात टाकले.

"साहेबांपुढं शेवंता बोलेल?"

"रोज सत्तर उंबऱ्यांवर हाक मारते. एका टेबलापुढं गप्प बसेल होय?"

दिगंबरला हसू आलं. मग एकदम काहीतरी आठवून ते मावळलं. कुणी रजेवर असलं तरी त्या दिवसाचं टपाल त्याच दिवशी वाटायचं, हे चाचांनीच त्याला नोकरीच्या पहिल्या दिवशी शिकवलं होतं.

"पण उद्या तिची बीट कोण चालणार?"

चाचांनी त्याच्या पायांकडं बघितलं. फार माया होती त्यांची या पोरावर.

"...मी?"

"सकाळी पोटभर खाऊन नीघ," चाचा म्हणाले. "तिला परतायला तीन वाजतात. तू पाच धर."