बिनमालकाची टोळी

सागवानाच्या जंगलातल्या चाळीस लाकूडतोड्यांनी ठेकेदाराला सोडून स्वतःची संस्था काढायचं ठरवलं आणि जिवल्या भोयेला पुढे केलं. संस्थेच्या नोंदणीचा अर्ज फेटाळला गेला, तर पुन्हा धनराजशेठ ठेकेदाराचीच चाकरी. अर्जाची चौकशी करायला सहकार खात्याचे साहेब थेट जंगलात आले, तेव्हा सोबत शेठही होते.

"चाळीस कुऱ्हाडी आणि मालक एकही नाही," शेठ हसत म्हणाले. "साहेब, ही माणसं एकमेकांचं ऐकतील होय?"

साहेबांनी विचारलं, "बोल जिवल्या, तुमच्यात हुकूम कोणाचा चालणार?"

जिवल्याला भाषण कुठलं जमायला? "हातातला एवढा साग पाडतो, मग सांगतो," म्हणत त्याने अर्धवट तोडलेल्या झाडावर चार घाव घातले. खोड करकरलं, तसा तो ओरडला, "डावीकडं पळा!"

शेठ धोतर सावरत सगळ्यांच्या पुढे पळाले, मागोमाग साहेब. साग उजवीकडे धाडकन आडवा झाला.

जिवल्या म्हणाला, "साहेब, झाड पडताना ज्याच्या हाती कुऱ्हाड, त्याचा हुकूम. बाकी सगळे ऐकतात. शेठ तर आमच्याहून लवकर ऐकतात."

साहेबांनी धापा टाकतच अर्जावर सही केली.