कौलाच्या रंगाचं खोबरं

"चोर! माझ्या जिभेवरची चव चोरलीय कुणीतरी!"

एकदा काय झालं, दूर दक्षिणेला, माडांच्या मुलखातला एक राजा असा ओरडतच ताटावरून उठला. वैद्य थकले, मांत्रिक थकले. मग राजा चिडला. म्हणाला, "मला चव नाही ना? मग कुणालाच नको. उद्या मावळतीला राज्यातली एकूण एक चूल विझवा!"

दवंडी चिरुताच्या दारात आली. चिरुता कोण? तर आईबापाविना दोन धाकट्या भावंडांना रांधून घालणारी पोर. "चूल विझली तर ही लेकरं खातील काय, माती?" तिनं पदर खोचला आणि दुसऱ्या दिवशी तडक राजवाडा गाठला.

आचाऱ्याला विचारलं, "दादा, राजा जेवायला बसला की म्हणतो काय?"

"काय म्हणणार? 'आण लवकर, आण लवकर!' मग आम्ही आपलं अर्धकच्चंच उतरवतो."

"तरीच! आज मला रांधू द्या, राजाची चव परत येते का बघू."

मग तिनं कढई चढवली. खवलेला नारळ, धणे, लाल मिरच्या, चार मेथीदाणे. आच मंद, आणि हात थांबवायचा नाही, बरं का. थांबला की करपलंच!

खोबरं शेवंतीसारखं पिवळं झालं. वास डोंगरापर्यंत गेला, आणि तिथून मिऱ्याएवढा काळा पक्षी उडाला. प्रधान म्हणाला, "झालं, उतरव."

"नाही."

मग खोबरं मधासारखं झालं. पक्षी वाड्याच्या भिंतीवर आला. राणी म्हणाली, "हा हार घे, पण आवर गं."

"नाही, राणीसाहेब."

सूर्य माडांच्या शेंड्यांना टेकला. शिपाई घागरी भरून चुलीपाशी उभे राहिले. चिरुताचा खांदा भरून आला, तरी हात चालूच. मग राजाच आला. "उतरव! माझी आज्ञा आहे!"

"आज्ञा मला कळते, महाराज. खोबऱ्याला नाही कळत. बसा."

आणि राजा, जन्मात पहिल्यांदा, गप बसला.

खोबरं कौलाच्या रंगाचं झालं. तिनं ते वाटलं, चिंचेच्या कोळात शिजणाऱ्या वांग्यांत सोडलं. राजानं पहिला घास उचलला आणि भुर्रकन तो पक्षी घासाबरोबर राजाच्या तोंडात शिरला! तीच राजाची चव. त्याच्या घाईला कंटाळून उडून गेली होती.

मग घागरी माघारी गेल्या. घरोघरी चुली धगधगल्या. चिरुतानं भावंडांना पोटभर जेवू घातलं. ती निजली, आता तुम्हीही मिटा बघू डोळे. भांडी घासणारी म्हातारी तेवढी जागी होती. ती कुरकुरली, "ताट चाटून लख्ख केलंत, महाराज. आता मी घासू काय?"