वकिलाच्या हातचा अर्ज

"अर्ज वकिलाच्या हातचा हवा आणि खाली वकिलाचीच सही हवी. शुक्रवारी दुपारच्या तोफेआधी आणा, तुमचं मंडळ मंजूर. नाही आणलात, तर कचेरीच्या दारात एकही अर्जनवीस बसणार नाही!"

तांबुळगडचे राजेसाहेब एवढं बोलले आणि मिशीतल्या मिशीत हसले. गावात वकील मोजून सात, आणि मंडळाच्या कागदाला हात लावायचा नाही असं सातांनीही ठरवलेलं, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

कचेरीसमोर पिंपळाखाली अकरा अर्जनवीस बसत. लोकांचे अर्ज तेच लिहीत, वकिलांचे कागदही तेच लिहीत. तरी एखाद्या वकिलाची मर्जी फिरली की अर्जनवीस उठलाच म्हणून समजा. गेल्या महिन्यात वकिलांचे म्होरके अनंतराव हुद्दार यांनी धोंडूनानांना असंच उठवलं. नानांची चाळीस वर्षांची बैठक गेली. तेव्हा गोजरा पेटून उठली. आपलं मंडळ काढू, मंडळाच्या पंचांना विचारल्याशिवाय कुणाला उठवू द्यायचं नाही, ही कल्पना तिची. अकरांत ती एकटीच बाई, वयानं सर्वांत लहान आणि तोंडानं सर्वांत फटकळ.

राजेसाहेबांची अट ऐकून बाकीच्यांनी माना खाली घातल्या. गोजरानं मात्र पदर सावरून विचारलं, "सरकार, म्हणजे आम्हा अकरांपैकी कुणी या प्रकरणात लेखणी धरायची नाही. अर्ज असो की हरकत, बरोबर?"

"अगदी बरोबर," राजेसाहेब म्हणाले.

त्याच संध्याकाळी गोजरा हुद्दारांच्या ओटीवर हजर! आम्ही मंडळ मागतोय, हरकत घ्यायची तर शुक्रवारच्या तोफेआधीच घ्या, उगाच मागाहून बोल नको, असं नम्रपणे सांगून तिनं अकरा जणांची नावं, गावं आणि मंडळाची मागणी घडाघडा म्हणून दाखवली. हुद्दारांनी सगळं टिपून घेतलं.

हरकत लिहायची म्हटल्यावर त्यांनी अर्जनवीस बोलावले. एकेकानं हात जोडले. सरकारांचा हुकूम, आम्ही लेखणी कशी धरणार? शेवटी वीस वर्षांत पहिल्यांदा हुद्दार स्वतः लिहायला बसले. कचेरीची पद्धत अशी, की हरकतीत आधी समोरच्याचं म्हणणं पुरतं मांडायचं आणि मग आपलं. काही राहिलं तर कागद परत. हुद्दारांनी एक नाव सोडलं नाही. चार दिवस खपून, दोनदा शाई सांडून त्यांनी सही ठोकली.

शुक्रवारी तोफेला थोडाच वेळ उरला होता. गोजरा रिकाम्या हातानं उभी राहिली आणि हुद्दारांचा जीव भांड्यात पडला.

"अर्ज कुठाय?" राजेसाहेबांनी विचारलं.

"सकाळीच आलाय, सरकार. आपल्यासमोर आहे."

"ती माझी हरकत आहे!" हुद्दार ओरडले.

"खाली हरकत आहे, पण वर आमचा अर्ज आहे. कोण मागतं, काय मागतं, सगळं आहे. अक्षर वकिलाचं, सही वकिलाची. सरकारांनी बघावं."

राजेसाहेबांनी कागद उचलला. जवळ धरला, लांब धरला, आडवा धरला. मग कारकुनाकडे दिला. कारकुनानं चष्मा पुसला आणि मान हलवली. तेव्हा खुद्द हुद्दारांना वाचायला सांगितलं, तर तेही तिसऱ्या ओळीत अडले.

"गोजरा, तुला लागतं का हे अक्षर?"

वकिलांची टिपणं उतरवण्यात तिची सात वर्षं गेली होती. तिनं नावं, गावं, मागणी न अडखळता वाचली. मग हुद्दारांची हरकतही तितक्याच खणखणीत आवाजात वाचली: "मंडळाची गरज नाही, कारण अर्जनवीसांवाचून या कचेरीचे काहीएक अडत नाही."

राजेसाहेब इतके हसले, की पगडी सावरायला त्यांना दोन्ही हात लागले. बाहेर तोफ झाली, ती कुणाला ऐकूही आली नाही. डोळे पुसत त्यांनी त्याच कागदावर 'मंजूर' लिहिलं, मंडळाला कचेरीची पुढची पडवी दिली आणि गोजराला अध्यक्षपदाची शाल. पडवीतली पहिली बैठक तिनं धोंडूनानांना घातली.