पान लागलंय

महानगराच्या टेकड्यांवर मोबाइलचे टॉवर नुकते उगवू लागले होते, तेव्हाची गोष्ट. सगळ्यांत उंच टॉवरने एका साळुंकीला कामाला ठेवलं होतं. शहराभोवती उडायचं आणि रेंज कुठे जाते ते येऊन सांगायचं.

एका दुपारी ती धापा टाकत आली. "दादा, कातळदरीत रेंज नाही. एक बाई फोन कानाला लावून ओरडतेय, पण पलीकडे कुणालाच ऐकू जात नाही."

"कालच तिकडची यंत्रं बदलली," टॉवर गुरगुरला. "रेंजच्या नकाशावर दरी हिरवी झालीय. नीट ऐकून ये."

साळुंकी परत गेली, तर दरीत चिटपाखरू नव्हतं. कातळावर फोन पडला होता, शेजारी पुरुषाची एकच चप्पल. ती घाबरून माघारी आली. सांगायला चोच उघडली, तर गळ्यातून त्या बाईचाच आवाज निघाला, "हॅलो, ह्यांना पान लागलंय! गाडी पाठवा! ऐकू येतंय का?"

दरीतली माणसं सापाचं नाव घेत नाहीत. साप चावला की पान लागलं म्हणतात.

"पान तर पान! शब्द न् शब्द पोचतोय की," टॉवर खूश झाला. "राहू दे दरी हिरवी."

साळुंकीला दुसरं काही बोलताच येईना. ती अजून तेच विचारते, आणि टॉवर रोज आनंदाने सांगतो, "येतंय, येतंय."