पाच पहिली आमंत्रणं

"पहिली अक्षत मला नाही मिळाली, तर लग्नाला येणार नाही!"

नांदवणच्या पाचही सरदारांनी राजाकडे हाच निरोप धाडला. राजकन्येचं लग्न तोंडावर आलेलं, आणि पहिलं आमंत्रण मागणारे पाच! एकाला द्यावं तर चौघे रुसणार, आणि चौघे रुसले की लग्नाचा विचका.

राजा रायाजीराव पक्का हट्टी. तो म्हणाला, "पाचांनाही पहिली अक्षत पोचली पाहिजे! आणि ती द्यायला हाताखालचं माणूस चालणार नाही. खुद्द प्रमुखच जाईल!"

पण दरबारात आमंत्रणांचा कुणी प्रमुखच नव्हता. प्रधानजींनी मान खाजवली आणि सगुणाबाईचं नाव सुचवलं.

लग्न कुणाचंही असो, कुंकवाचा करंडा आणि अक्षतांची परडी घेऊन घरोघर फिरायला गावात सगुणाबाईच. कुणाचा मान मोठा, कोण कुणावर रुसलंय, सगळं तिला तोंडपाठ. फिरायची मात्र एकटीच. ती म्हणायची, "दुसरीला पाठवलं तर ती बोलायचं विसरेल. आणि नाहीच विसरली, तर माझ्यापेक्षा चांगलं बोलेल. दोन्ही वाईटच की!"

राजानं तिला बोलावून घेतलं. "जमलं तर आमंत्रणखातं तुझ्या हाती. नाही जमलं, तर या गावात पुन्हा कुणाच्या उंबऱ्यावर अक्षत ठेवायची नाही!"

"जमवते, महाराज!" सगुणाबाई म्हणाली, आणि मग आपण काय बोलून बसलो ते तिच्या ध्यानात आलं. तिची जीभ नेहमी तिच्या अकलेच्या आधी घराबाहेर पडायची.

आधी तिनं पागेतला घोडा मागून घेतला. वाऱ्यासारखं जायचं आणि पाचही दारं गाठायची! घोडा गेला चाऱ्याकडे आणि सगुणाबाई गेली उकिरड्यात. अंगावरचं शेण झटकत ती म्हणाली, "घोड्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं. एका वेळी एकाच ठिकाणी जाता येतं, हे त्यानं ओळखलं!"

मग तिनं नाइलाजानं पाच बायका गोळा केल्या. त्यांत तिची धाकटी जाऊ बायजाही होती. सगुणाबाईनं शिकवणी सुरू केली. असं वाका, तसं हसा, इथं थांबा, तिथं खोकूसुद्धा नका!

शेवटी बायजा वैतागली. "अक्का, एवढं सगळं तुम्हीच ठरवणार, तर आमच्याऐवजी पाच पोपट पाठवा की! शिवाय आम्ही पडलो हाताखालच्या. आम्हाला दारातूनच हाकलतील."

सगुणाबाई मटकन खाली बसली. बायजाचं खरं होतं. प्रमुखच हवी, तर या पाचजणींनाच प्रमुख करायला हवं. पण मग आपण कोण? आयुष्यभर 'सगुणाबाईशिवाय पान हलत नाही' हे ऐकायची सवय, आणि आता स्वतःच्या हातानं पानं हलवायला दुसऱ्या नेमायच्या! तिला मनापासून वाईट वाटलं. तरी ती उठली आणि थेट दरबारात गेली.

"महाराज, प्रमुखाच्या मानाचे शेले पाच द्या."

"वेडी आहेस का? प्रमुखाचा शेला एकच असतो!"

"मग एकाच वेळी पाच दारांत आपणच उभे राहा, महाराज. मी करंडा धरते!"

राजानं मुकाट्यानं पाच शेले काढून दिले. भर दरबारात ते पाचजणींच्या खांद्यांवर पडले. सगुणाबाईनं सांगून टाकलं, "ज्या सरदाराकडे जाल, त्याच्या मानपानाचा शेवटचा शब्द तुमचा. मला विचारायला यायचं नाही!"

दुसऱ्या दिवशी पहाटे ठरल्याप्रमाणे चौघडा झडला आणि त्याच क्षणी पाचही उंबऱ्यांवर अक्षत पडली. सगुणाबाई राजवाड्याच्या पायरीवर बसून होती. हात शिवशिवत होते, पाय धावू पाहत होते. सगळ्यांत तिरसट सरदार बायजाच्या वाट्याला आलेला! उठून पळायला नको म्हणून तिनं पदराचं टोक दरवाजाच्या कडीला बांधून टाकलं.

बायजा हसतच परतली. "अक्का, पंगतीतलं पहिलं पानही त्यांनाच हवं होतं. मी म्हटलं, घ्या की! पण शेवटच्या माणसाचा शेवटचा घास होईपर्यंत पहिल्या पानाला उठता यायचं नाही. म्हणाले, राहू दे!"

"मी असते तर 'देते' म्हणून मोकळी झाले असते," सगुणाबाई पुटपुटली.

लग्नाला पाचही सरदार मिशांना पीळ देत आले, आणि मांडवातच जुंपली. "पहिली अक्षत मला!" "छट्, मला!" राजाचा चेहरा उतरला.

सगुणाबाई पुढे झाली. "सरदारहो, चौघडा सुरू झाला तेव्हा अक्षत आपापल्या दारात होती ना? त्याआधी कुणाला मिळाली असेल, तर त्यांनी पुढं यावं!"

कुणीच पुढं येईना.

"आणि द्यायला कोण आलं होतं?"

"प्रमुख!" पाचही जण एका सुरात म्हणाले, एकमेकांकडे बघत राहिले आणि गुपचूप आपापल्या जागी जाऊन बसले.

राजाचा जीव भांड्यात पडला. पण हट्टी माणूस, गप्प कसा बसेल? "सगुणाबाई, प्रमुख पाच झाल्या. कामही त्यांनीच केलं. मग तू गं कोण?"

"मी अगदी बिनकामाची, महाराज! सगळे राबतात, एकजण नुसता बसून असतो, आणि काम फत्ते झालं की नाव मात्र त्याचं होतं. अशा माणसाला काय म्हणतात, ते आपल्या तोंडावर मी कसं सांगू?"

प्रधानजींनी डोळे मिटून घेतले.

आणि राजा खो खो हसत सुटला! हसता हसता त्याचा फेटा सुटला. डोळे पुसत तो ओरडला, "आमंत्रणखातं दिलं हिला! पाचजणींना सालिना मानधन! आणि अरे, आमच्या शेजारी हिच्यासाठी एक गादी घाला. चांगली जाड बघून घाला! नुसतं बसून राहणं किती अवघड असतं, ते आमच्याइतकं कुणाला ठाऊक!"