झुबकीचा चिंचोका आणि मोटारीची टिक टिक

एक होती खार. एवढीशी. शेपटी मात्र झुबकेदार. म्हणून नाव झुबकी.

झुबकीकडे होता एक चिंचोका. शेवटचा. गॅरेजजवळच्या मोठ्या चिंचेचा. ती चिंच वादळात पडली. झुबकीचं घर तिच्यावरच होतं. काय गार सावली! काय आंबट चिंचा! आठवलं, की झुबकीच्या तोंडाला पाणी सुटे. आणि डोळ्यांनाही.

"हा मी पेरणार. चिंच परत येणार," झुबकी म्हणे.

पण आधी तिनं काय केलं? चिंचोका लपवला! कुठे? गुलाबमावशीच्या जुन्या डिझेल मोटारीच्या पोटात. लपवल्याशिवाय खारीला चैन पडतंय होय!

सकाळी मावशी आली. तिनं मोटार चालू केली.

घुर्र घुर्र, टिक टिक. घुर्र घुर्र, टिक टिक.

"अगंबाई! ही टिकटिक कसली? चाचा, बघा की जरा!" मावशीनं गॅरेजच्या दस्तगीरचाचाला हाक मारली.

झुबकी घाबरली. तो तर तिचा चिंचोका! फुटला तर? मग चिंच कधीच येणार नाही. ती गेली टुणुक टुणुक.

"मोटारबाई, मोटारबाई, चिंचोका दे."

"कुठे अडकलाय, मला काय दिसतंय? चाचा ऐकेल, तर मी देईन."

झुबकी गेली टुणुक टुणुक.

"चाचा, चाचा, टिकटिक ऐक.
मोटार चिंचोका देईना."

"नुसत्या कानानं कसं कळायचं गं? माझा लांब पेचकस येईल, तर मी ऐकेन."

झुबकी गेली टुणुक टुणुक. पेचकस होता हत्यारांच्या खोक्यात.

"पेचकसा, पेचकसा, चाचाकडे ये.
चाचा ऐकेना,
मोटार चिंचोका देईना."

"कसा येऊ? मनी माझ्यावर झोपलीय. मनी उठेल, तर मी येईन."

झुबकी जरा लांबच उभी राहिली. मांजर ते मांजर!

"मनीताई, मनीताई, ऊठ ना गं.
पेचकस येईना,
चाचा ऐकेना,
मोटार चिंचोका देईना."

"म्यांव! दूध मिळेल, तर मी उठेन."

झुबकी गेली टुणुक टुणुक.

"शेळीबाई, शेळीबाई, दूध दे.
मनी उठेना,
पेचकस येईना,
चाचा ऐकेना,
मोटार चिंचोका देईना."

"मेंऽ मेंऽ! पाला मिळेल, तर मी दूध देईन."

झुबकी गेली टुणुक टुणुक. पाय दुखले, तरी गेली.

"बोरीबाई, बोरीबाई, पाला दे.
शेळी दूध देईना,
मनी उठेना,
पेचकस येईना,
चाचा ऐकेना,
मोटार चिंचोका देईना."

बोरीचं झाड सळसळलं. "कुठला गं चिंचोका?"

"आपल्या मोठ्या चिंचेचा. शेवटचा."

बोरीनं एक फांदी खाली वाकवली. मग हळूच म्हणाली, "तिच्या शेजारीच मी वाढले. वारा आला, की आम्ही दोघी बोलायचो. आता मी एकटीच. घे बाई, घे. हवा तेवढा पाला घे."

सळसळ सळसळ! बोरीनं पाला दिला.
कुरुम कुरुम! शेळीनं पाला खाल्ला.
चरक चरक! शेळीनं दूध दिलं.
लप लप! मनी उठली, दूध प्यायली.
खणण! पेचकस चाचाकडे आला.

चाचानं पेचकसाचं टोक मोटारीला टेकवलं. मूठ कानाला लावली. डोळे मिटले.

"इथं? घुर्र घुर्र. नाही.
इथं? घुर्र घुर्र. नाही.
इथं? टिक टिक! घावली की! मावशे, बंद कर गाडी!"

मोटार थांबली. चाचानं पंख्याचा पट्टा सैल केला. खाचेत बोट घातलं.

टप्प! चिंचोका खाली पडला. अख्खाच्या अख्खा!

"आँ? चिंचोका?" चाचा हसला. मावशी हसली. झुबकीनं चिंचोका उचलला आणि धूम ठोकली.

या वेळी लपवला नाही हं! जिथे मोठी चिंच होती, तिथेच पेरला. बोरीच्या शेजारी.

पाऊस आला. ऊन आलं. पुन्हा पाऊस आला. कितीतरी वेळा आला.

आता मावशीची मोटार कुठे जात नाही. म्हातारी झाली ना! ती उभी असते गार सावलीत. वारा येतो. दोन झाडं बोलत बसतात. मध्येच मोटारीच्या टपावर वाजतं, टप्प! टप्प!

कुणीच विचारत नाही, हा आवाज कसला. सगळ्यांना माहीत आहे. चिंच परत आलीय.

चिंच गाभुळली,
गोष्ट संपली.